हूं म्हण ना, बाबू

बोलता बोलता बाई मध्येच थांबायच्या. उजवा हात हवेत तसाच, भुवया वर, नजर थेट समोरच्याच्या तोंडावर. नवख्या माणसाला वाटे, बाईंना पुढचा शब्द आठवत नाही. तसं काही नसायचं. शब्द तयार असायचा, पण आधी तुम्ही ‘हूं’ म्हणायला हवं. नाही म्हटलं की बाईच खडसावायच्या, “हूं म्हण ना बाबू! का भिंतीशी बोलून राह्यली मी?”

आता बाई नाहीत. तरी हे लिहिताना दर वाक्याला माझ्याच तोंडून हूं निघतो आहे, यावरून त्यांनी माझं काय करून ठेवलं ते तुमच्या लक्षात येईल.

मी मूळचा वरोऱ्याचा. सिंदेवाहीला नोकरी लागली तेव्हा बाईंच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. बाई निवृत्त नर्स. जंगलातल्या गावांत त्यांची उभी नोकरी गेलेली. बाळंतपणं, लसी, तापाच्या गोळ्या, नवऱ्यांना दम देणं, सगळं त्यांनीच केलेलं. त्यामुळं त्यांचं नाव कोणी घेत नसे. तालुक्यात ‘बाई’ म्हटलं की त्याच. रस्त्यानं जाताना दहा ठिकाणांहून ‘जयभीम बाई’ ऐकू यायचं, आणि प्रत्येकाला उत्तर देता देता भाजी आणायला निघालेल्या बाई दुपारी उगवायच्या.

या हूंचं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. ते संध्याकाळी अंगणात गोष्टी सांगत. आमच्या भागात गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, तुम्हीही लहानपणी दिला असेल. पण बाईंच्या वडिलांचा कायदा कडक होता. हुंकार चुकला की गोष्ट बंद. राजाचा पोरगा एक पाय रिकिबीत घालून तसाच राहायचा आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. हे सगळं मला मान्य आहे. पण बाई हाच कायदा गॅसच्या सिलिंडरला लावायच्या.

“गॅसवाला आला होता.” थांबल्या.

“हूं.”

“म्हणते, उद्या येतो.” थांबल्या.

“हूं.”

“उद्या कोण हाय घरी?”

मी आंघोळ करत असलो तरी सुटका नव्हती. बाहेर दोरीवर कपडे वाळत घालता घालता त्यांचं सुरू व्हायचं आणि मी तोंडात गेलेला साबण थुंकत आतून हुंकार द्यायचो. एकदा पेपर वाचता वाचता सवयीनं हूं-हूं करत होतो, तर पेपर ओढून घेतला. “हा हूं खोटा हाय. खऱ्या हूंले डोळे असते.” आता न्हाणीच्या दाराआडून डोळे कुठून दाखवू, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

फोन हे तर वेगळंच प्रकरण होतं. बाईंचा मुलगा पुण्याला कंपनीत. त्याचा फोन लागला नाही की ती ध्वनिमुद्रित बाई बोलू लागे, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती सध्या उपलब्ध नाही. तुम्ही-आम्ही पहिल्या शब्दालाच फोन ठेवतो. बाई शेवटपर्यंत ऐकायच्या. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मध्ये मध्ये हूं म्हणायच्या आणि शेवटी सांगायच्या, “बरं बाई. आला की सांगजो, आईचा फोन होता म्हणून.”

“बाई, ती रेकॉर्ड केलेली आहे हो. तिला ऐकू येत नाही.”

“रेकॉर्ड केली तवा तं बाईच होती ना ते? का तवाही मशीनच होती?”

मी त्यांच्या हातातून फोन घेऊन ठेवून दिला.

मग मुलाला वेळ नसतो म्हणून मीच त्यांना व्हॉट्सअपवर आवाजी निरोप पाठवायला शिकवलं. थोड्याच दिवसांत मुलाचा मला फोन. “दादा, आईले हे कोणी शिकवलं? मिनिटामिनिटाचा निरोप येते अन् अर्धा वेळ आवाजच नसते.” मी एक निरोप ऐकला. “लोणचं घातलं.” मग शांतता. लांबवर कोंबडा. “कैरी यंदा बारीक होती.” पुन्हा शांतता. “हाय का रे?” बाई प्रत्येक वाक्यानंतर मुलाच्या हूंसाठी जागा सोडत होत्या. मी समजावलं, तो नंतर ऐकतो, तेव्हा थांबू नका. त्या म्हणाल्या, “नंतर ऐकते तं नंतर म्हणन ना हूं. पण जागा तं पाह्यजे त्याले.”

माझी नोकरीही फोनचीच होती, हे माझं नशीब. आमची छोटी संस्था. वाघ कुठल्या गावाकडं दिसला हे कळलं की त्या गावातल्या सगळ्या फोनवर आपोआप घंटी जाणार आणि उचलला की आधीच भरून ठेवलेला इशारा ऐकू येणार, अशी सोय आम्ही केली होती. इशारा नागपूरच्या एका गोड आवाजाच्या मुलीनं वाचला होता. “सावधान! आपल्या परिसरात वन्यप्राण्याचा वावर आढळून आला असून नागरिकांनी...” ‘आढळून’ येईपर्यंत निम्मे फोन कापले जायचे. गावात विचारलं की एकच उत्तर, “रिचार्जवाली वाटली जी.”

मार्चात मोह गळायला लागला. पहाटे फुलं पडतात आणि ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात, म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला जनावरासारखी दिसते, हे तिकडं कोणाला सांगावं लागत नाही. त्या आठवड्यात एका गावाजवळच्या नाल्यावर पिल्लं घेऊन वाघीण बसली होती. आम्ही संध्याकाळी इशारा सोडला. गावानं तो कापला. सकाळी एका बाईच्या खांद्यावर पंजा पडला. बाकीच्या बायांनी आरडाओरडा केला, टोपल्या आपटल्या, म्हणून ती वाचली आणि चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचली.

मी तिच्या घरी गेलो. सासूनं फोन पुढं केला. “आला होता जी फोन. म्याच कापला.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला मात्र सगळ्यांचाच संताप आला होता. सासूचा, त्या गोड आवाजाचा, ‘आढळून आला असून’ लिहिणाऱ्याचा.

घरी आलो तर बाईंना सगळं आधीच कळलेलं. “ते पोरगी माह्या हातची हाय. पायाळू होती. लाव बरं तुमचा निरोप, ऐकू दे मले.”

लावला. बाईंनी कान देऊन ऐकला आणि म्हणाल्या, “हे पोरगी सासही घेत नाई. माणसानं हूं कवा म्हणावं? हूं म्हणाले जागा नसन तं माणूस फोन कापनच. मी सांगते, भर माहा आवाज.”

वाघीण नाल्यावरच होती, दुसरं काही सुचत नव्हतं. म्हटलं, बाईंचा आवाज तरी गावाला ओळखीचा आहे. बाई फोन हातात घेऊन बसल्या.

“बायांनो, मी बाई बोलून राह्यली.” थांबल्या. माझ्याकडं पाहिलं.

मी ओठांवर बोट ठेवून, बोला बोला, अशी खूण केली. बाई ढिम्म. मी हात जोडले. बाईंनी भुवया वर केल्या. शेवटी मी हळूच म्हणालो, “हूं.” तेव्हा गाडी पुढं सरकली.

“वाघीण नाल्यावर हाय. पिल्लं हायेत संगं.”

“हूं.”

“मोह वेचाले नाल्याकडं जाऊ नोका. तळ्याकडं जा, तळ्याच्या पाळीवरची झाडं काय कमी हायेत का?”

“हूं.”

“काऊन गं, ऐकून राह्यली ना? हूं म्हण!”

दिवस मावळायला आला होता, निरोप सोडायची घाई. माझे हूं तेवढे मी काढून टाकले, पण मधल्या शांतता काढायला वेळच उरला नाही. तसाच सोडला आणि डोक्याला हात लावून बसलो. इतक्या शांततेत लोक फोन तुटला समजून ठेवून देणार, याची मला खात्री होती.

सकाळी गावात पोचलो तेव्हा नाल्याकडची वाट मोकळी होती आणि बाया तळ्याकडून भरल्या टोपल्या घेऊन येत होत्या. एकीला विचारलं, ऐकला का निरोप? ती म्हणाली, “बाई थांबली तं हूं म्हणाच लागते ना जी. आमच्या घरी तं बुढाही म्हणून राह्यला होता.” घरोघर फोन मोठ्या आवाजात लावून माणसं त्या शांततेत हुंकार भरत होती. मला हसावं की रडावं कळेना.

झालं, बाईंना आता अधिकृत काम मिळालं. त्यांनी मला जगणं नकोसं केलं. रोज नवा निरोप भरायचा हट्ट. वाघाच्या इशाऱ्यात मध्येच, “शेवंता, शुगरची गोळी चुकवू नोको.” हा निरोप डझनभर गावांत गेला आणि प्रत्येक गावात एखादी शेवंता होतीच. त्यांतली एक मला बाजारात गाठून म्हणाली, “बाईले सांगजा, माही शुगर नाई, बीपी हाय.” नागपूरहून आमचे साहेब विचारायचे, इशारा अर्ध्या मिनिटात का संपत नाही? मी बाईंना सांगायचो. त्या म्हणायच्या, “त्या साहेबाले हूं म्हणता येते का? तं त्याले ऐकव पहिले.” मधल्या मध्ये माझं भरीत.

त्या पावसाळ्यात बाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मुलानं पुण्याला नेलं, पण तिथं त्या जेवेनात, दाराकडंच बघत बसत. शेवटी परत आणलं. पुतणी सोबतीला येऊन राहिली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, बोलता येणार नाही. बाईंच्या तोंडून आता एकच आवाज निघायचा, ‘हूं’.

मी शांततेसाठी किती तळमळलो होतो! आता मिळाली, आणि मला ती सहन होईना. आंघोळ करताना बाहेर कोणी बोलत नसे. गॅसवाला येऊन गेला ते मला दोन दिवसांनी कळायचं. संध्याकाळी मी बाईंजवळ बसून दिवसभराचं सांगायचो आणि त्या हूं द्यायच्या. खरा, डोळ्यांतला हूं. मी वाक्य उगीच लांबवलं की मात्र द्यायच्या नाहीत.

पुढच्या मोहाच्या दिवसांत खबर आली की त्याच गावाजवळ वाघीण आहे, पण यंदा तळ्यावर. बाईंचा जुना निरोप तर बायांना तळ्याकडंच पाठवत होता. तो लावणं म्हणजे माणसं मारणं. नागपूरच्या मुलीचा इशारा गाव कापणार, हे पाहिलेलं. उरलो मी. रिकाम्या ऑफिसात फोन घेऊन बसलो, पहिलं वाक्य बोललो आणि थांबलो. पुढं काही जाता येईना. समोर हूं म्हणायला कोणीच नव्हतं.

उठलो आणि बाईंच्या खोलीत गेलो. त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर पडलेला. मी सगळं सांगितलं आणि फोन मध्ये ठेवून सुरू केलं.

“नमस्कार. आपल्या गावाच्या तळ्याच्या परिसरात वाघिणीचा...”

बाईंनी नुसतं पाहिलं.

“गावातील सर्व महिलांना कळविण्यात येते की...”

काही नाही. भुवया तेवढ्या वर. बाहेर ऊन उतरत चाललं होतं, निरोप जायला हवा होता आणि ही बाई अडून बसलेली. मी चिडलो. “बाई, हूं म्हणा ना!” असं माझ्या तोंडून निघालं, आणि आपण काय बोललो हे माझ्या लक्षात आलं. बाईंच्या तोंडाची डावी बाजू हसली.

मग मी आमच्या वरोऱ्याच्या घरात बोलतो तसं बोललो. “बायांनो, वाघीण तळ्यावर हाय.”

“हूं,” बाई म्हणाल्या.

“यंदा तळ्याकडं जाऊ नोका. नाल्याकडं जा.”

“हूं.”

“एकटी जाऊ नोका. अंधारात निंगू नोका.”

“हूं.”

निरोप तसाच सोडला. बाईंचे हूं काढून टाकायला हात धजेना.

सकाळी गावात गेलो. तळ्याकडं चिटपाखरू नव्हतं. नाल्याच्या वाटेवर बाया घोळक्यानं येत होत्या, टोपल्या पिवळ्या फुलांनी भरलेल्या. त्यांत ती खांद्यावर पंजा झेललेलीही होती. टोपली तिनं दुसऱ्या खांद्याशी धरली होती. मला जरा अभिमानच वाटला. म्हटलं, “माझा निरोप ऐकला वाटतं सगळ्यांनी?”

“तुमचं कोण ऐकते भाऊ?” ती म्हणाली. “मागं बाई हूं म्हणून राह्यली होती, म्हणून नाई कापला.”