गेरूचा पट्टा आणि भर दुपारची वाघळं

भूतखेत, चेटूक, अंगात येणं... यातलं काही मी कधीच मानलं नाही. जन्म गेला फॉरेस्टच्या नोकरीत, रानात एकटा झोपणारा माणूस मी! पण लढाईच्या दिवसांतली ती एक दुपार — तिचं काय करावं, तुम्हीच सांगा.

शहाद्याजवळ गोमाईच्या काठी माझ्या आक्काची राई होती. वडिलांनीच लेकीला दिलेली. मोह, उंबर, जुनाट अर्जुनसादडे. लढाईत पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या; लाकडी कोळशाला भाव आला आणि आसपासची रानं भट्टीत जायला लागली. ही तेवढी वाचावी, एवढीच माझी तळमळ.

दाजींनी, म्हणजे आक्काच्या यजमानांनी, मला बोलावून घेतलं. "भाऊ, कोनता झाडवर काय ऱ्हास ते तुलेच समजस. जे राखानं, त्याले गेरूना पट्टा मार."

केवढा आनंद झाला मला! आमच्या खात्यात तोडीच्या झाडावर हातोड्याचा शिक्का मारतात, त्यामुळे पट्ट्याचा संशय येणार कसा? धनेशाची ढोली, मधाची पोळी, घोरपडीचं बीळ, सगळं हिंडून पाहिलं. ज्याच्या आधारानं जास्त जीव जगतात, त्या प्रत्येक थोराड झाडाला पट्टा मारत गेलो.

शेवटी नदीकाठचा अर्जुनसादडा. वर शेकडो वाघळं उलटी लटकलेली. भर दुपार. पट्टा पुरा होतो न होतो तोच — सगळीच्या सगळी उठली! पोटाशी पिल्लं धरून, कडक उन्हात, अगदी गुमान. एरवी केवढा कलकलाट करणारी जात!

"अरे वेड्यांनो, तुम्हाला वाचवायलाच आलोय!" मी खालून ओरडलो. ती थेट सातपुड्याकडे गेली.

हे सांगायला धावत दाजींच्या घरी गेलो. ओट्यावर कोळशाचा ठेकेदार चहा पीत बसलेला. दाजी त्याला म्हणत होते, "पट्टावालं एक एक झाड तुम्हनं. चांगलं जाडजूड शे, फॉरेस्टना माणूसनी निवडेल."

"दाजी, केसानं गळा कापलात माझा!"

दाजी हसले. आक्का दारातच उभी होती, नजर खाली.

"आक्का, तुले माहीत व्हतं?"

"तुले सांगं असतं, ते तू पट्टा मारा असता का, भाऊ?"

राई आडवी झाली. त्या उंबऱ्यावर मी पुन्हा पाय ठेवला नाही.

पुढं जाणत्यांना विचारलं. कुणी म्हणे घार आली असेल, कुणी म्हणे गेरूचा वास. छे! वासानं वाघूळ उठत नाही. त्या पट्ट्याचा अर्थ दाजींना ठाऊक होता, ठेकेदाराला ठाऊक होता. वाघळांनाही कळला — कसा, ते आजवर मला उमगलेलं नाही. मला मात्र सख्ख्या बहिणीनं सांगितलं नाही.