आत्याबाईंच्या नावाची घागर

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस राहिले होते आणि माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, घडवलेल्या घागरीला वाळता वाळता खांद्यावर बोटभर चीर गेली. दुसरी कुठली असती तर मीच फोडून भिजत टाकली असती. कच्च्या मातीचं काय, परत मळली की झालं. पण ही आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूच्या नावाची. आदल्या हिवाळ्यात त्या वारल्या. गेलेल्या माणसाच्या नावानं आमच्याकडे अखाजीला पाण्याची घागर भरतात, आणि त्यांची ही पहिलीच. मामाजींचा उजवा हात वर्षभरापासून थरथरतो. ही एक घागर चाकावर उभी करायला त्यांना चार दिवस लागले. दुसरी होणार नाही हे त्यांनाही कळत होतं अन् मलाही.

"बुजव तेवढी," म्हणाले आणि घागर माझ्यापुढे ठेवली.

बुजव म्हणे! माझ्या माहेरी कुंभाराचं चाक कधीचंच बंद पडलेलं, वडील गवंडीकाम करायचे. इथं चिरा बुजवायचं काम आत्याबाईंचं, आणि त्या मला हात लावू देत नसत. "तुह्यानं नाही व्हत, तू भाकरी पाय." मीही तोऱ्यात, बरं झालं, सुटले.

मी चिरेत ओला गारा, मळलेली माती, भरला. दुपारपर्यंत तो वाळून सुटला आणि चीर दीड बोट झाली.

"अवं, आंधी पाणी लावा लागते," मामाजी म्हणाले. लावलं. तर कड विरघळायला लागली. "इतकं पाणी कायले लावलं?" आता बोला! मग म्हणाले राख घाल. मग राख नाही, लीद. मला अंधूक आठवत होतं की आत्याबाई गाऱ्यात कापूस कुस्करून घालत. की ते चूल लिंपताना? डोक्याचा नुसता भुगा झाला. तिसऱ्यांदा भरलेलंही गळून पडलं तेव्हा माझं टाळकं सरकलं.

"मामाजी, एक काय ते नक्की सांगा ना! जन्म गेला तुमचा मडकी घडवण्यात!"

ते खाली बसले.

"मले नाही मालूम, बाई. चिरलेलं मी तिच्यापाशी ठेवो. आवा रचतानी ते साजरं राहे. मी कधी इचारलंच नाही."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. घागर आम्ही तशीच आव्याच्या भट्टीत ठेवली. भाजून निघाली, चिरेसकट.

अखाजीला पाणी चिरेच्या खालपर्यंतच भरता आलं. मामाजींनी वाकून आत पाहिलं. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं.

"तिले पुरीन का वं एवढं?"

मी तिथंच बसून रडायला लागले.