बिनखिडकीची खोली

गोंदियाहून निघालेली पॅसेंजर प्रत्येक स्टेशनात इतकी रेंगाळली की उतरून पायी निघावंसं वाटलं. अर्जुनीहून पुढे काळीपिवळी (आमच्याकडची वडाप). शेजारच्या बाईंनी कोंबडा सरळ माझ्या मांडीवर ठेवला. "काही करत नाही जी तो," त्या म्हणाल्या, आणि त्याने लगेच केलं.

तशाच पँटने केशोरीला भोजराजच्या दारात उतरलो. हा माझा वसतिगृहातला मित्र, आता शाळेत विज्ञान शिकवतो. नवं स्लॅबचं घर त्याने मला फिरवून दाखवलं. तीन खिडक्यांची खोली सोफ्याला दिली होती, आणि धानासाठी बांधलेली मागची बिनखिडकीची खोली आंधळ्या वडिलांना.

"आंधळ्याले उजेड कायले पायजे?" भोजराज म्हणाला.

त्याच्या बायकोने, रेखावहिनींनी, लाखोळीच्या डाळीचे गरम वडे वाढले. "मामाजी (सासरे) दिवसा झोपतेत आन् रातभर बडबडतेत," त्या म्हणाल्या. भोजराजने निकाल देऊन टाकला होता. परवा म्हाताऱ्याला नागपूरला वेड्यांच्या दवाखान्यात न्यायचं.

मी आत गेलो. बाबा खाटेवर उठून बसले.

"आंगावर ऊन आला का मले सकाळ समजे, बाबू. इथं सकाळच होऊन नाही राहिली."

मी भोजराजला समजावलं. डोळ्यांना पाहण्याखेरीज आणखी एक काम असतं, मेंदूला दिवस उगवल्याचं कळवायचं. त्यावरच शरीर झोपेची वेळ बसवतं. दिसेनासं झालं तरी काहींच्या डोळ्यांत ते काम चालू राहतं.

"पुस्तकात नाही असं काही," तो म्हणाला. वर्षानुवर्षं एकच पुस्तक शिकवल्यामुळे बाकीचं जग त्याला अफवा वाटतं.

वहिनींनी वाद घातला नाही. सकाळी त्यांनी खाट छपरीत (ओसरीत) ओढली. नवेगावचा तलाव पाहायला दोन दिवसांसाठी आलेला मी आठ दिवस राहिलो, रोज भोजराजची विनवणी करून नागपूर पुढे ढकलत. आठव्या दिवशी बाबा उन्हात बसून दोरी वळत होते आणि रात्री घोरत होते. नागपूर रद्द झालं. मी पराक्रमी मुद्रेने घरी परतलो.

पंधरा दिवसांनी भोजराजचा फोन आला. "बाबा एकदम बरे. म्हणून आत हलवले. पाव्हण्यांसमोर छपरीत खाट कशी दिसते?"

माझा संताप झाला. गाढवा म्हणून मी सुरुवात केली आणि मेंदूपर्यंत पोचतो न पोचतो तोच वहिनींनी फोन ओढून घेतला.

"भाऊजी, तुमी मंग बोला. खिडकीसाठी गवंड्याची वाट पाहून थकली. आता मीच सब्बल (पहार) घेऊन मामाजीच्या खोलीची भीत फोडून राहिली."

मी फोन ठेवला. माझ्या आठ दिवसांच्या व्याख्यानांनी एक वीटही हलली नव्हती.