निधनवार्तेची पट्टी

"लोके कोठे शेतस व अक्का?"

नानांनी तिसऱ्यांदा विचारलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि अंत्ययात्रेची वेळ चारची होती. अंगणात आम्ही सतरा माणसं होतो. तिरडी बांधून तयार होती. बर्फाच्या लादीचं पाणी ओट्यावरून उतरून गल्लीत वाहत होतं. जळगावचा एप्रिल, त्याला मेलेल्या माणसाचीही दया येत नाही.

"येतील नाना," मी म्हटलं. "सकाळी नऊपासून पट्टी चालू आहे."

पट्टी म्हणजे काय ते आधी सांगते. आमचा जळगावातल्या मेहरूण भागात केबलचा धंदा. आता तो मुलगा बघतो, मी नुसती ऑफिसातली एक खुर्ची अडवून बसते. आमचा स्वतःचा एक लोकल चॅनेल आहे. त्यावर दिवसभर जुनी गाणी, आरत्या, गावातले सत्कार. पडद्याच्या तळाशी अक्षरांची एक ओळ सरकत असते. ऑफिसात तिला स्क्रोल म्हणतात, गल्लीत पट्टी. साड्यांचा सेल, हरवलेलं पाकीट, क्लासचे प्रवेश, सगळं त्या पट्टीवर. पण तिचा खरा मान निधनवार्तेचा. कोण गेलं, कधी गेलं, किती वाजता न्यायचं, हे लोक आमच्या पट्टीवर बघायचे आणि टोपी घालून निघायचे.

तरुणपणी मला या पट्टीचा कोण माज! नवरा गच्च्यांवरून वायर ओढायचा आणि मी कंट्रोल रूममध्ये बसायचे. कंट्रोल रूम म्हणजे आमच्या जिन्याखालची खोली. तिथे दोन व्हीसीआर, एक कॉम्प्युटर, एक टेबल फॅन आणि मी. "गावात कोणी गेलं की आधी यमाला कळतं, मग मला," असं मी भिशीत सांगायचे. बायका हसायच्या. मला वाटायचं, कौतुकानं हसतात.

एकदा तर मी जिवंत माणूस मारला. एकाच नावाचे दोन पाटील होते. गेला एक, मी पत्ता टाकला दुसऱ्याचा. तासाभरात त्या दुसऱ्याच्या दारात दोन-अडीचशे माणसं, हार घेऊन! ते बिचारे बनियनवर चहा पीत बसले होते. त्यांनी ऑफिसात येऊन माझा जो उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही. आणि घरी जाऊन मी नवऱ्याला काय म्हणाले असेन? "बघितलंत? अडीचशे!" अशी ती अक्का. वय वाढलं, केस पांढरे झाले, पण त्या दिवशी सकाळी खुर्चीत तीच बसलेली होती.

गेल्या होत्या शालिनीबाई, नानांच्या मिसेस. मेहरूणच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी चौथीच्या वर्गावर काढली. अर्धं मेहरूण त्यांच्याकडे पाढे शिकलं, माझा मुलगासुद्धा. खडू फेकून मारायच्या आणि नेम चुकायचा नाही. मूलबाळ म्हणाल तर एकच मुलगी, सुनंदा, धुळ्याला दिलेली. नाना डेपोत मेकॅनिक होते. मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, त्यामुळे बोली अजून तिकडचीच.

बाई दोन महिने अंथरुणावर होत्या. मी भेटायला गेले की एकच बोलायच्या, "अक्का, मला पोचवायला माझी शाळेतली पोरं आली पाहिजेत. बाकी कोणी नाही आलं तरी चालेल."

त्या दिवशी सकाळी आठला नाना माझ्या दारात उभे राहिले. डोळे कोरडे. हातात वहीचा फाडलेला कागद, त्यावर बाईंचं पूर्ण नाव.

"अक्का, ती गयी." जरा थांबले. "तुना टीव्हीवर टाकी दे. तिना पोरे येतीन. ती तेस्नीच वाट देखे."

"आत्ता टाकते नाना. गावभर कळेल."

ते गेल्यावर माझी सून रुपाली म्हणाली, "आई, मी एरियाच्या ग्रुपवर टाकू का? बाईंचा फोटो आहे माझ्याकडे. ह्यांच्या शाळेच्या बॅचचापण ग्रुप आहे, त्यात टाकायला सांगते."

"नको."

"अहो पण..."

"मयत काय फोनवर फिरवायची? गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये? पट्टी आहे ना आपली."

"पट्टी कोण बघतं आई?"

मी तिला हाताला धरून कॉम्प्युटरपुढे नेलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक घराच्या सेट-टॉप बॉक्सपुढे एक ठिपका दिसतो. हिरवा असला की बॉक्स ॲक्टिव्ह. "मोज," मी म्हटलं. "सहाशेच्या वर हिरवे आहेत. तुझ्या ग्रुपात किती?"

ती गप्प बसली. सून गप्प बसली की सासूला वाटतं आपण जिंकलो. मलाही वाटलं. मी पट्टी टाइप केली. नेहमीच्या पिवळ्या रंगाऐवजी लाल केली, वेग कमी केला, म्हाताऱ्यांना वाचता यावी म्हणून. 'मेहरूण शाळेच्या माजी शिक्षिका' हे शब्द आधी घेतले. काम चोख केलं, हे मला आजही म्हणता येतं.

दुपारी सुनंदा धुळ्याहून आली. तिच्याबरोबर सासरची चार माणसं. रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "नाना, कोणाकोणाला फोन केले?"

"टीव्हीवर दियेल शे," नाना म्हणाले.

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. तिचे सासरचे सांगत होते, सुनंदानं गाडीतून स्टेटस ठेवलं आणि धुळ्यातली शेजारीण नवऱ्याला घेऊन मागच्या बसने निघाली. धुळ्याहून माणसं निघाली होती. आमच्या मागच्या गल्लीतून कोणी निघालं नव्हतं.

पावणेपाच झाले.

"नाना, बर्फ संपला," शेजारचे आबा हळूच म्हणाले.

"आखो पाच मिनिट."

"नाना..."

"आखो पाच मिनिट, आबा."

पाच वाजता उचललं. नाना मागे बघत चालत होते. प्रत्येक बोळ आला की थांबायचे, आत बघायचे, पुढे व्हायचे. चौकापर्यंत मीही मागून चालत गेले. तिथे एक स्कूटरवाला थांबला. एका कानात इअरफोन. कोणाचीही अंत्ययात्रा दिसली की माणूस हात जोडतो तसे त्यानं जोडले आणि निघून गेला. मी त्याला ओळखलं. तो हेमंत, बाईंचा विद्यार्थी, मागच्या गल्लीत राहतो. कोणाला हात जोडले ते त्याला माहीत नव्हतं. मी हाक मारायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी मी हिरव्या ठिपक्यांच्या यादीचं प्रिंट काढलं आणि घरोघर निघाले. मुलगा म्हणाला, "आई, राहू दे ना." मला राहवत नव्हतं. सहाशे बॉक्स चालू होते, तर माणसं होती कुठे?

पहिला हेमंतच. बाई गेल्याचं ऐकलं आणि म्हणाला, "अक्का, शप्पथ, कळलंच नाही. तुम्ही ग्रुपवर का नाही टाकलं?"

"टीव्हीवर होतं. तुझा बॉक्स चालू आहे."

त्यानं मला आत नेलं. टीव्हीवर झालरीचा कपडा, कपड्यावर मुलीच्या ट्रॉफ्या. खाली आमचा बॉक्स, हिरवा दिवा लागलेला.

"हा आईसाठी घेतला होता," तो म्हणाला. "आई जाऊन दोन वर्षं झाली. रिचार्ज आपोआप होतो, बंद करायचं राहूनच गेलं."

म्हणजे ज्या ठिपक्याच्या जोरावर मी सुनेला गप्प केलं, त्या ठिपक्यामागे बघणारी बाई दोन वर्षांपूर्वीच गेलेली. तिच्या निधनाची पट्टीही मीच टाकली होती.

पुढच्या घरात टीव्ही जोरात चालू होता. मला हायसं वाटलं. पडद्यावर एक बाई भरताची वांगी भाजत होती.

"हे कुठलं चॅनेल गं?"

"चॅनेल नाही अक्का, नेटवरून लावलंय."

यातली गोम साध्या भाषेत सांगते. टीव्ही तोच, भिंत तीच, सोफ्यावरची माणसं तीच. पण चित्र आमच्या वायरीतून येत नाही, वायफायमधून येतं. त्यामुळे त्याच्याखाली आमची पट्टी सरकत नाही. बाईंचं नाव त्या घरात शिरायला वाटच नव्हती.

तिसरं घर वंदनाचं. तीही बाईंच्या हातची. भाकरी थापत होती आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून सिरियल बघत होती. मी जरा चिडूनच विचारलं, "एवढा मोठा टीव्ही टाकून या टिचभर पडद्यात काय बघतेस?"

"अक्का, टीव्ही म्हणतो आठ वाजता ये. आठ वाजता माझ्या घरात पंगत बसलेली असते. फोन म्हणतो, तुला जमेल तेव्हा ये." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "जाहिरात आली की पुढे ढकलता येते. लाइट गेली तरी चालतो. आणि टीव्हीचा रिमोट सासऱ्यांच्या उशीखाली असतो. फोन माझा आहे."

"मग सासरे तरी बघत असतील?"

"ते कुठले! मागे तुम्ही पॅक बदलले ना, तेव्हापासून त्यांना त्यांचे चॅनेल सापडत नाहीत. दोन-चारदा आकडे दाबले, मग त्यांनीही नातवाकडून फोन शिकून घेतला. रिमोट नुसता जवळ ठेवतात, सवय म्हणून."

"पण निधनवार्ता गं? ती तरी बघायची."

वंदनानं माझ्याकडे बघितलं, लहान मुलीला समजवावं तसं. "अक्का, कोण मेलं हे बघायला मुद्दाम कोण टीव्ही लावतं? गाणं बघता बघता खाली दिसून जायचं. आता गाणंच तिकडे राहिलं नाही." मग तिला एकदम रडू आलं. पिठाच्या हातानंच डोळे पुसले. "बाईंनी मला स्कॉलरशिपला बसवलं होतं. मी त्या वेळी इथेच होते अक्का. इथेच, घरात."

पंधरा-वीस घरं केली. मग प्रिंट घडी करून पिशवीत टाकलं. त्या दिवशीच्या सतरा माणसांत पट्टी वाचून आलेले एकच होते, तलावाकडचे एक म्हातारे भाऊ. त्यांना विचारलं तर म्हणाले, "फोन दुरुस्तीला टाकला होता, म्हणून टीव्ही लावला."

घरी येऊन रुपालीला सगळं सांगितलं. मला वाटलं, टोमणा मारेल. तिनं फक्त विचारलं, "आई, त्या दिवशी तुम्ही बघितली का पट्टी?"

मी आठवून बघितलं. टाइप केली, अंघोळ केली, जेवले. मग नानांकडे जाईपर्यंत फोनवर कीर्तन ऐकत पडले. आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर नातू कार्टून बघत होता. नेटवरून. लाल पट्टी आमच्या घरातही कोणी बघितली नाही.

गंधमुक्तीचा, म्हणजे सुतक फिटायच्या विधीचा, निरोप मी मुकाट्यानं रुपालीकडे दिला. तिनं बाईंचा फोटो लावून सगळ्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात फोन नुसता थरथरायला लागला. जोडलेले हात, फुलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'बाईंमुळे घडलो'. पुण्याहून, सुरतेहून, मेहरूणमधून. मी धावत नानांकडे गेले. "नाना, खुर्च्या वाढवा!" तोच आवाज, भिशीतला. माणूस सत्तरीतही शिकत नाही.

नानांनी खुर्च्या वाढवल्या. गंधमुक्तीला हेमंत आला, वंदना आली, आणखी दहा-बारा जण आले. बाकी खुर्च्यांवर ऊन बसलं होतं.

दुपारी नाना माझ्याजवळ आले. त्यांचा फोन बटणांचा, त्यावर हे काही दिसत नाही. "अक्का, पोरेस्नी काय लिखेल शे ते वाच."

मी वाचायला लागले. एकेक नाव, एकेक ओळ.

"हाऊ कोठे शे आते?" ते विचारायचे.

"पुण्याला, नाना."

"आनि हाऊ?"

"सुरतेला."

"हाई पोर?"

"इथेच. मागच्या गल्लीत."

त्यानंतर त्यांनी कोणाचं विचारलं नाही. "बठ्ठा वाच," एवढंच म्हणाले. मी सगळे वाचले. बऱ्याच जणांनी नुसते हात जोडले होते, ते कसे वाचायचे कळेना. तिथे मी फक्त नाव घेत गेले.

लोक टीव्ही का सोडतात, हे मला आता कोणीही विचारावं. यादी तोंडपाठ आहे. पण कोणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. धंद्यातला एक धडा मात्र सांगते. हिरवा ठिपका म्हणजे बघणारा माणूस नव्हे. आणि फोनवर बघितलं म्हणजे माणूस उठून येईल, असंही नव्हे.

मागची गल्ली माझ्या दारापासून शंभर-सव्वाशे पावलांवर आहे. त्या दिवशी आठपासून चारपर्यंत माझ्याकडे आठ तास होते, आणि गुडघेही दुखत नव्हते.