वसू आणि आत्याची सेवा

वसू गेल्याचा निरोप शेजारच्या गुजराती काकूंच्या फोनवर आला, तेव्हा माझा हात आधी गेला तो कुशीवरच्या व्रणाकडे. वसूला, माझ्या धाकट्या भावाला, मी माझं एक मूत्रपिंड दिलं होतं. मी घाटकोपरला धडधाकट उभी होते आणि तिकडे इस्पितळात माझंही थोडं मेलं होतं… महिना झाला. लोक म्हणतात, विसर आता. मी विसरणार नाही.

ऑपरेशन छान झालं होतं. वसू मुलुंडच्या घरी परतला, विक्रोळीच्या कारखान्यात पुन्हा हजर व्हायची भाषा करू लागला. "ताई, तुझं मशीन झकास चाललंय गं," म्हणायचा. परकं मूत्रपिंड शरीरानं झिडकारू नये म्हणून त्याला रोज गोळ्या होत्या. त्या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकदच कमी होते, म्हणून ताप-पुरळवाल्या माणसाला घरात घेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि कुर्ल्याहून आत्या आली, कांजिण्यांतून उठत असलेल्या नातीला घेऊन. काही फोड अजून ओले होते. "सुकत आल्यात गं, काही होत नाही," आत्या म्हणाली. वसूची बायको शैलानं दोघींना आत घेतलं. वडीलधाऱ्या माणसाला दारातून परत कसं धाडायचं?

पंधरवड्यानं वसूच्या अंगावर फोड उठले. आत्या धावत आली, दाराला कडुलिंब बांधला आणि गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. "देवी अंगात असताना औषध घेतलं तर कोप होतो. आणि ताईला कळवू नकोस, ती लगेच इस्पितळात हलवेल." शैलानं ऐकलं. मी रविवारी सहज गेले, तर वसूला बोलताना धाप लागत होती. मी त्याला तडक इस्पितळात हलवलं. डॉक्टर म्हणाले, "कांजिण्या फुप्फुसात उतरल्यात. गोळ्या दिल्या तर आणखी फोफावतील, नाही दिल्या तर मूत्रपिंड जाईल." आधी मूत्रपिंड गेलं. मग वसू.

तेराव्याला आत्या बायकांना सांगत होती, "देवीनंच नेला. माझ्या हातून तेवढी सेवा घडली." सेवा! आत्या वर्तमानपत्राची ही पुरवणी न चुकता वाचते. तिनं वाचावं म्हणूनच लिहिते आहे.

वसूचा नाव कोरलेला स्टीलचा पेला शैलानं मला दिला. डायलिसिसच्या दिवसांत त्याला घोटाघोटानं पाणी मिळायचं. ऑपरेशननंतर तो हा पेला काठोकाठ भरायचा, एका दमात रिकामा करायचा आणि हसायचा… परवा आत्या माझ्याकडे आली, जिने चढून दमलेली. "पाणी दे गं." मी त्याच पेल्यात दिलं. नाव दिसताच तिचा हात थांबला. "पी ना आत्या," मी म्हटलं. तिनं पेला खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला. मी दुसरा पेला काढला नाही. ती तहानलेलीच जिना उतरली, आणि वसू गेल्यापासून मला पहिल्यांदा बरं वाटलं.