मोबाईलमधला बिघा आणि धारूरकडचा बिघा

रविवार, ११ जानेवारी २०२६. सकाळचे पावणेसहा. आमच्या कडा गावच्या स्टँडवर उभा राहून मी तोच हिशोब सातव्यांदा करत होतो, आणि उत्तर तेच येत होतं. आपल्या आजोबांनी शेजाऱ्याचं सव्वा एकराच्या आसपास रान दाबलंय.

आईचं माहेर धारूरजवळ. तिथलं एक रान विकून मामा आईला तिचा वाटा देणार होते. सातबाऱ्यावर ते ० हेक्टर ९५ आर. (ज्यांचा गोंधळ होतो त्यांच्यासाठी: हेक्टरचे शंभर आर, एकराचे चाळीस गुंठे, आणि एक आर म्हणजे जवळपास एक गुंठाच.) म्हणजे दोन एकर चौदा गुंठे. पण आजोबांच्या जुन्या खरेदीखतात लिहिलंय, "तीन बिघे". मोबाईल म्हणाला, बिघा म्हणजे सोळा गुंठे. तीन बिघ्यांचे अठ्ठेचाळीस. मग वरचे सेहेचाळीस गुंठे कुणाचे? आईला सांगितलं तर ती म्हणाली, "दुसऱ्याचं असंल तर मी सही करनार न्हाई. जाऊन बघून ये."

कड्याहून बीड, आणि बीडहून वडवणी, तेलगाव मार्गे धारूर. थेट गाडीची वाट पाहू नका, बीडला बदललेली बरी. बीडच्या स्टँडबाहेर पोहे आणि चहा चाळीस रुपयांत झाला. तेलगाव सोडलं की घाट लागतो. डाव्या हाताची खिडकी धरायची होती, पण मी वहीत तोंड घालून बसलो होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "परीक्षा हाय का रं? वर बघ की जरा." बघितलं. उन्हात डोंगर पिवळे दिसत होते आणि खाली ज्वारी उभी होती. त्या काकूंचे आभार. वेळ असेल तर धारूरचा किल्लाही बघा. मी लांबूनच पाहिला, कारण आधी मामांना गाठायचं होतं.

मामांच्या शेतात हुरडा भाजणं चाललं होतं. शेजारी बापू बसले होते. ऐंशीच्या पुढचे, मेंढरं राखणारे. ते रान त्यांच्याच वडिलांनी आजोबांना विकलेलं. म्हणजे दाबलं असेल तर यांचंच. मी घाबरत घाबरत वही उघडली आणि दोघांसमोर सगळं वाचून दाखवलं.

मामांच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. "म्हंजी तुजा आजा चोर होता म्हन की!"

"तसं नाही मामा, आकडा तसा येतोय..."

"शाळा अकरावीत सोडलीस आन् आता आमाला हिशोब शिकिवतोस?"

बापू राख झटकून उठले. "चला दोघं. टेप हाय का?"

टेप माझ्या पिशवीत होतीच. बापू आम्हाला गावातल्या मारुतीच्या ओट्याशी घेऊन गेले. ओट्याच्या लांब दगडावर छिन्नीच्या दोन खुणा होत्या. "ही गावाची काठी. पाच हात पाच मुठी. रान मोजायचं तर बांबू हितं लावून कापायचा. ईस काठ्या लांब, ईस काठ्या रुंद, झाला बिगा. तुजा मोबाईल कुठला बिगा दावतोय?"

मी परत पाहिलं. आकड्याखाली बारीक अक्षरात 'गुजरात' लिहिलं होतं.

"मंग त्यो गुजरातला नेऊन मोज की!" बापू हसले. मामा नाही हसले, पण टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.

नऊ फूट तीन इंच. वीस काठ्या म्हणजे एकशे पंच्याऐंशी फूट. गुणलं, गुंठ्याच्या १०८९ चौरस फुटांनी भागलं. बिघ्याला एकतीस गुंठे आणि थोडं वर. तीन बिघ्यांचे चौऱ्याण्णव. दोन एकर चौदा गुंठे! मी तीनदा तपासलं. मग मामांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "हुरडा गार झाला तुज्यामुळं," आणि पाठीत एक धपाटा घातला.

त्या हुरड्यासोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. इतकं चांगलं मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं.

रात्री मामांकडेच राहिलो आणि सकाळी बापू मला फाट्यापर्यंत सोडायला आले. राहवेना म्हणून विचारलं, "बापू, तुम्ही गप्प बसला असता तर एक एकर सहा गुंठे तुम्हाला मागता आलं असतं."

"आलं असतं की. मंग रोज त्या वट्यावर बसून च्या कसा पिऊ?"

संध्याकाळी घरी पोचलो. आईने गुंठे ऐकले आणि मान हलवली. बापूंचं सांगितलं तेव्हा मात्र तिने मळायचं पीठ बाजूला सारलं आणि हात धुतले. मग म्हणाली, "मामाला फोन लाव."

मी लावला आणि स्पीकर चालू केला.

"दादा, मी सही करते. पन गिऱ्हाईक बघायच्या आदी बापूच्या पोराला इचार. त्याला घ्यायचं असंल तर पैला हक्क त्याचा. पैसं हप्त्यानं दिलं तरी चालंल मला."

पलीकडून कपबशीचा आवाज आला. मग मामा हळूच म्हणाले, "बापू हितंच बसलाय. तूच सांग त्याला."