पोह्यांवर काय टाकलं होतं?

सुधाकर शितोळेंना इंदूरचं अख्खं छत्रीबाग काका म्हणतं. पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. काकांचं बडा गणपतीजवळ पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. संध्याकाळी शटर ओढलं की ते पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतात. मी त्यांची भाडेकरू. नाशिकहून सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात नोकरीला आले, तेव्हापासून मला एकच कोडं पडलं होतं: माणसं आपल्या पायांनी चालत जाऊन नाक का फोडून घेतात? नको तिथे नाक खुपसायची माझी खोड जुनीच. स्पर्धा असली की मी काकांच्या मागे जाऊन बसू लागले.

तिथे भुवई फाटते, अंगठा दुखावतो, नाकातून रक्ताची धार लागते, आणि पोरं दात काढत पुन्हा उभी! मी एकदा म्हटलं, "पण डोक्याला हेल्मेट असतं ना?"

"हेल्मेट चमडी वाचवतं, मॅडमजी. भेजा तर आतल्या आत हिलतोच. खून दिसतं त्याची मला फिकर नाही. जे दिसत नाही त्याचं टेन्शन."

दोन राउंडच्या मध्ये एक मिनिट मिळतं. बाकीचे कोच तेवढ्यात घसा फोडून डावपेच सांगतात. काका पाणी पाजतात आणि शांतपणे विचारतात, "सकाळी पोह्यांवर काय टाकलं होतं?" मला वाटलं, म्हातारा पक्का इंदुरी, इथेही याला खाणंच सुचतं. शेवटी न राहवून विचारलंच.

"ठीक आहेस का विचारलं, तर बॉक्सर मरता मरता पण ठीकच म्हणेल," काका म्हणाले. "पोह्यांचं सांगायला डोकं जागेवर लागतं."

"पण काका, इथे सगळे रोज सेव, डाळिंबाचे दाणे आणि तो जीरावन मसाला, तेच तर टाकतात!" मी चिमटा काढला. काका नुसते हसले.

मग राज्य स्पर्धेची फायनल आली. काकांची पुतणी पूर्वा ही बाउट लढणार होती. जिंकली तर राज्याच्या संघात जागा, आणि त्यासाठी तिनं कॉलेजचं वर्षसुद्धा सोडलं होतं. त्या सकाळी वजन होईपर्यंत तिनं पाण्याला तोंड लावलं नाही. नंतर दोन केळी खाल्ली, बस. पोहे मी एकटीनेच हाणले, तेही तिच्यासमोर.

पहिला राउंड पूर्वानं सहज घेतला. दुसराही तिचाच होता, पण संपता संपता कानाच्या वर एक ठोसा बसला. ती डगमगली नाही. चालत कोपऱ्यात आली, बसली.

"पोह्यांवर काय टाकलं होतं, बेटा?"

"सेव, अनार, जीरावन," पूर्वा फाडकन म्हणाली.

चला, ठीक आहे, असं मी मनात म्हणते न म्हणते तोच मला तिची केळी आठवली. काकांना ती माझ्या आधी आठवली होती. त्यांनी टॉवेल रिंगमध्ये फेकला, म्हणजे लढत सोडली.

"काका! अरे आदतीनं निघून गेलं तोंडातून!" पूर्वा किंचाळली. "मी जिंकत होते!" रेफ्रीनं दुसऱ्या मुलीचा हात वर केला, तेव्हा पूर्वा मान फिरवून उभी होती.

मला तिचं पटलं. मलाही झोपेतून उठवलं तर मी सेव-जीरावनच म्हणेन! कपडे बदलायच्या खोलीत पूर्वा बाकावर बसली होती. काका खाली बसून तिच्या हाताच्या पट्ट्या सोडत होते. माझा तोल गेला. "एका सवयीपायी पोरीचं वर्ष बुडवलंत, काका! एवढी खात्री होती तुम्हाला?"

"खात्री नव्हती," काका मान खाली घालूनच म्हणाले. "म्हणूनच फेकला."

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात पूर्वानं हाताकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग म्हणून नव्हता.

"काका, पट्टी का सोडताय? आता आपली बाउट आहे ना?"

काकांनी पट्टी सोडणं थांबवलं नाही.

"झाली, बेटा," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "डॉक्टरांना बोलवा, मॅडमजी."

मी धावत सुटले.